पैसे वाटेत असताना

मी एक जुनी खाकी थैली आहे, मित्रांनो. पाटोद्याच्या एका बँकेत खुंटीला टांगलेली असते. मला जाड कापडातून शिवलं ते चेक वाहण्यासाठी. शिपाई मुंजाजी मला खांद्याला अडकवून एसटीने बीडला नेत. तिथे बँका एकमेकींचे चेक बदलून घेत, सह्या पडताळत, हिशेब मिटवत. मध्ये रविवार आला की सगळं थांबे. लोक विचारत, "चेक आजून वटला न्हाई, कावून?" मला वाटे, मीच हळू चालते.

पुढे चेकचे नुसते फोटो जाऊ लागले. पैसे सुरुवातीला ठरावीक वेळी गठ्ठ्याने, मग फोनवरून क्षणात, सुट्टीच्या दिवशीही जाऊ लागले. माझ्यात मुंजाजींचा डबा राहू लागला.

परवा चंद्रभागाबाई धापा टाकत आल्या. त्यांचा मुलगा बजरंग ऊसतोडीला कर्नाटकात गेला आहे. तिथे त्याची बायको दिपाली बाळंतपणात अडली होती आणि ऑपरेशनआधी दवाखान्यात पैसे भरायचे होते. बाईंनी शेजारणीच्या मदतीने फोनवरून पाठवले. खात्यातून ते गेले, पण बजरंगकडे पोचलेच नाहीत.

"म्याडम, हितून गेले, तितं न्हाईत. मंग हायेत कुठं?"

व्यवस्थापक सायली मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि संगणकात पाहिलं.

"मावशी, पैसे हरवले नाहीत. आपल्या बँकेनं पाठवलेत. पण समोरच्या बँकेच्या यंत्रावर गर्दी झालीय, 'जमा केले' असं उत्तर त्यानं अजून दिलं नाही. एक तर जमा होतील, नाहीतर परत येतील. पुन्हा पाठवू नका."

मग त्यांनी स्वतः त्या दवाखान्यात फोन लावला. पैसे निघाल्याचं हिंदीतून समजावलं आणि ऑपरेशन थांबवू नका, अशी विनंती केली. तिकडची माणसं कबूल झाली.

बाई सकाळपासून उपाशी होत्या. मुंजाजींनी डबा काढून भाकरी पुढे केली, पण त्या आपल्या फोनकडेच बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"आई, पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. आन् पैसे बी आत्ताच पडले."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग भाकरीचा तुकडा मोडला.

माझाही जीव भांड्यात पडला. मी हळू नव्हतेच. एसटीचा रस्ता संपला, तरी दोन बँकांनी एकमेकींना 'होय' म्हणणं उरतंच. यंत्रं सक्षम केली आणि दोन्हीकडची नोंद एकाच वेळी झाली, तर हे वाट पाहणंही सरेल, असं सायली मॅडम म्हणतात. ते लवकर होवो. पण तोवर, मित्रांनो, कुणी घाबरलेलं दारात आलं तर त्याला आधी बसायला द्या, आणि त्याचे पैसे कुठे आहेत ते त्याला समजेल अशा भाषेत सांगा.