दुसरा फोटो

डॉ. बहमन सालारीनं चिमट्यानं पट्टीची कड धरली आणि ती नाकावरून हळूहळू सोलायला घेतली. खालून घाम, तेल आणि सुकलेलं रक्त यांचा आंबूस भपकारा आला. त्यानं श्वास रोखला. खुर्चीतली तराने डोळे मिटून बसली होती आणि तिची आई मोबाइल उगारून सगळं टिपत होती.

"डॉक्टर, शेंडा जरा खालीच राहिला की हो," आई म्हणाली.

"सूज आहे, खानम. उतरली की वर येईल."

"माझ्या बहिणीच्या मुलीपेक्षा काकणभर वर हवं. म्हणून तर तुमच्याकडे आणली हिला."

"आई, नाक माझं आहे," तराने डोळे न उघडता म्हणाली.

"तुझं कसलं? तुझ्या बापाचं होतं. आता कुठे तुझं झालं."

पट्टी निघाली. उकडून सोललेल्या बटाट्यासारखं एक गुळगुळीत, सुजलेलं नाक बाहेर आलं. काल काढलेलं असंच होतं आणि उद्या काढायचं तेही असंच असणार होतं. तेहरानच्या वरच्या अंगाला बहमन फिरायला निघाला की समोरून त्याचीच नाकं चालत येत, आणि अलीकडे तो मान वळवून दुकानांच्या काचांत बघत राही. त्यात पुन्हा आपलंच तोंड दिसे.

"मुबारक," तो म्हणाला. आईनं जीभ हलवून आनंदाची लांब किलकारी दिली.

मायलेकी बाहेर गेल्या आणि थोड्याच वेळात बाहेरच्या खोलीतली बडबड एकदम थांबली. कांबीज आत आला आणि त्यानं पाठीमागे दार ओढून घेतलं. कांबीज बहमनच्या बायकोचा भाऊ. दवाखान्याची जागा, जाहिरात, मोबाइलवरचं पान, सगळं तोच बघायचा.

"बहमनजान, बाहेर एक बाई आलीय. केरमानशाहची. भाजलेली. तुझं नाव घेतेय. एक तर लगेच आत घे, नाहीतर मी तिला मागच्या जिन्यानं काढतो. बसलेल्यांतल्या दोघीजणी उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्यात."

"नाव काय?"

"नाव कोण विचारतंय? तिच्याकडे बघवत नाही."

ती आली ती खाली मान घालूनच, कारण तिला मान वर करताच येत नव्हती. गळ्यावरची जळकी कातडी आक्रसून हनुवटी छातीला धरून बसली होती. खालचा ओठ ओढला जाऊन उलटा पडला होता आणि आतल्या हिरड्या दिसत होत्या. डावा कान नव्हता. बहमननं चेहरा ओळखला नाही, टाके ओळखले. ते त्याचे होते, शिकाऊ दिवसांतले, मोठे आणि वाकडे. केरमानशाहच्या जळीत वॉर्डात अशाच बायकांवर त्याचा हात बसला होता. स्टोव्हचा भडका झाला, असं तिनं तेव्हा सांगितलं होतं. वॉर्डात सगळ्याच तसं सांगत.

"गुलबहारखानम," तो म्हणाला. "या, या. तुमची पावलं माझ्या डोळ्यांवर."

"तुमची सावली राहो, डॉक्टरसाहेब." तिनं डोक्यावरून अंगभर घेतलेल्या चादरीतून तुपाचा डबा काढून टेबलावर ठेवला. "घरचं आहे. आमच्या मेंढ्यांचं."

कांबीजनं खिडकी उघडली.

"तुम्ही तेव्हा म्हणाला होतात," ती खुर्चीच्या काठावर टेकत म्हणाली, "तेहरानात माझा दवाखाना निघाला की या, तुमचंच घर आहे. पण मी आले नाही. माणसं म्हणतात तसं. तोंडदेखलं बोललेलं धरून बसायला मी वेडी नाही."

"नाही, नाही, मी मनापासून..."

"मग भाचीनं हे दाखवलं."

हात लांब करून तिनं मोबाइल पुढे धरला. दवाखान्याचं पान होतं. डावीकडे तिचाच फोटो, वॉर्डातला. उजवीकडे तेच मधाच्या रंगाचे, कडांना वर गेलेले डोळे, आणि त्यांच्याखाली गुळगुळीत गाल, बंद ओठ, दोन कान. खाली लिहिलं होतं, आधी आणि नंतर.

बहमनला वसंतातली ती दुपार आठवली. "नाकं सगळेच दाखवतात," कांबीज म्हणाला होता. "तू जळीत दाखव. लोक रडतील आणि आपली नाकं घेऊन येतील." उजवीकडे कोणाचा तरी चेहरा हवा होता, तेव्हा बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून नावं लिहून घेणाऱ्या मोझदेचा फोटो काढला. बहमननं तो मोठा करून पाहिला होता आणि तोच म्हणाला होता, "डोळे जुळतात. भुवई तेवढी उचल."

"मी भाचीला म्हटलं, बघ, डॉक्टर विसरले नाहीत," गुलबहार सांगत होती. "आधी अशी होती, नंतर अशी करणार. बोलणं तोंडदेखलं असतं, पण एवढं चित्र करून कोण तोंडदेखलं लावतं? म्हणून आले."

कांबीज भिंतीवरच्या प्रमाणपत्रांकडे बघत होता.

"सगळं एकदम नको. कान राहिला तरी चालेल." तिनं रुमालानं ओठ टिपला. "माझ्या मुलीला मागणी घालायला येणार आहेत. मुलाची आई माझ्यासमोर बसणार. चहा आला की मी घेतला नाही तर त्यांचा अपमान, आणि घेतला तर सगळा छातीवर. माझी पोर म्हणते, आई, तू आजारी आहेस म्हणून सांगू, तू आतच रहा." ती थांबली. "मला आत राहायचं नाही."

तेवढ्यात दार ढकललं गेलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण पाहुणं माणूस आलं की मोझदे चहा आणायची. बहमन अर्धवट उठला. तबक आत आलं होतं.

उभ्या माणसाचं तोंड गुलबहारला दिसत नसे. येतानाही तिनं बाहेरच्या टेबलामागचे मोझदेचे दोन हातच पाहिले होते. मोझदे चहाचा पेला ठेवायला वाकली आणि दोघींचे चेहरे समोरासमोर आले. साखरेच्या खड्यांची वाटी तबकात किणकिणली. मोझदेनं डोळे मिटून घेतले.

गुलबहारनं तिच्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या मोबाइलकडे. मग पुन्हा तिच्याकडे, अगदी सावकाश.

"नाव काय तुझं, मुली?"

"मोझदे."

"देव तुझा चेहरा असाच राखो."

मोझदे तबक तसंच घेऊन बाहेर पळाली. गुलबहारनं मोबाइल बंद करून चादरीखाली ठेवला. पेल्याला तिनं हात लावला नाही.

"निघते मी. तुमचा वेळ घेतला."

"थांबा," बहमन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "गुलबहारखानम, ओठाचं मी करतो. ओढलेली कातडी सोडवायची आणि मांडीची लावायची. ओठ मिटेल. चहा गळणार नाही. हे मी खरंच करतो."

"नको, डॉक्टरसाहेब. तुमच्यामागे एवढी कामं. मी कशाला त्रास देऊ?"

आमच्या इराणात पहिला नकार कोणी नकार म्हणून घेत नाही. विचारणाऱ्यानं पुन्हा विचारायचं, समोरच्यानं पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की खरं बोलणं सुरू होतं. हे लहान पोरालाही कळतं.

गुलबहार उठली. तिनं चादरीची कड गोळा केली, ती निसटू दिली, आणि पुन्हा गोळा केली. तिची नजर बहमनच्या बुटांवर होती.

कांबीज खाकरला.

बहमनच्या डोळ्यांपुढे तिची इथली खाट आली. तिच्या उशाशी येणारी भाची, खाटेजवळून जाणाऱ्या बायका, कोणाच्या तरी हातातला मोबाइल, आणि त्यातला पहिला फोटो बघून तिच्याकडे वळलेलं एखादं बोट. त्यानं समोरचं पेन उचललं, त्याचं टोपण लावलं आणि ते खिशाला अडकवलं.

गुलबहारनं चादर तिसऱ्यांदा नीट केली. आता तिच्यात नीट करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"देवाच्या हवाली," ती म्हणाली.

"देवाच्या हवाली, खानम. येत जा. तुमचंच घर आहे."

शब्द तोंडातून गेले तेव्हा त्याला ते ऐकू आले. ती दारात क्षणभर थांबली, मग गेली. बाहेरच्या खोलीतून तिच्या चपला फटफटत गेल्या. मोठं दार लागलं आणि सगळ्यांची बडबड एकदमच सुरू झाली. कोणीतरी हसलंसुद्धा.

"शहाणी निघाली," कांबीज म्हणाला. त्यानं डब्याचं झाकण काढून वास घेतला. "अस्सल आहे रे. ताईला आवडेल." मग बोट शर्टाला पुसत त्यानं दाराकडे मान केली. "पुढचं नाक घेऊ आत?"

बहमननं हातमोजे चढवले. दोन्ही हातांची बोटं नीट बसली.

"घे," तो म्हणाला.