काचघरातली सवत

नवरा बागेतल्या काचघराचा माळी, आणि त्याचं उभं आयुष्य गेलं एका घटपर्णीपायी. उंच, गार डोंगरावरची दुर्मीळ वेल. तिच्या पानाच्या टोकाला झाकणाचा पेला लटकतो, त्यात किडामुंगी पडली की ती पचवून टाकते. बायको तिला सरळ सवत म्हणायची. का नाही म्हणणार? बायको तापानं फणफणली तरी हा वेळेवर दोन घास जेवायचा, आणि हिच्या पानावर डाग पडला की याला अन्न गोड लागायचं नाही!

आता तर सवतीनं अंथरूणच धरलं होतं. जुने पेले वाळत चालले, नवा एकही धरेना. नवरा ताटावर बसायचा आणि तसाच उठायचा.

"अहो, घासभर तरी खा. तिच्याबरोबर जायचा विचार आहे की काय?"

"मुंग्या घालतो, पाणी फवारतो, आणखी काय करू?" तो म्हणाला. "तिच्या डोंगरावर खारीएवढं एक जनावर पेल्यावर बसून झाकणावरचा गोड रस चाटतं, आणि चाटता चाटता पेल्यातच घाण करतं. तिचं खरं पोषण ते. ते जनावर इथे कुठून आणू?"

"अगं बाई! एवढी महाराणी, आणि ताटात हे?" ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग एकदम तिला चिमण्या आठवल्या.

काचघराची एक काच फुटली होती, तेव्हा चिमण्या आत येऊन त्याच पेल्यांवर बसायच्या. पेले घाण करतात म्हणून हा घरी येऊन त्यांना शिव्या घालायचा. पण तिथूनच येणाऱ्या गार वाऱ्यानं त्याचा खोकला हटेना, म्हणून तिनंच डोकं खाऊन खाऊन नवी काच बसवून घेतली. चिमण्या बंद झाल्या, खोकलाही थांबला.

गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? पीडा परस्पर टळली असती. पण समोर तो माणूस लहान पोरासारखं तोंड करून बसला होता. मेलं हे मन!

"ती काच काढा," ती म्हणाली. "चिमण्यांना येऊ द्या."

त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. "अगं, पण माझा खोकला..."

"खोकल्याचं मी बघते."

तेव्हापासून रोज सकाळी ती मफलर आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन काचघरात जाऊन बसू लागली. इतक्या वर्षांत तिनं तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

एक दिवस पानाच्या टोकाला बोटभर नवा पेला दिसला. त्याचे डोळे भरून आले.

"तू बोलली नसतीस तर मला कधीच कळलं नसतं गं."

"चुकलंच माझं," ती म्हणाली, आणि त्याच्या गळ्याभोवती मफलर घट्ट गुंडाळला.