तीन नखांचा गोळा

मी भाजक्या मातीचा गोळा आहे. लिंबाएवढा. पोटातून आरपार भोक, पाठीवर तीन नखांच्या खुणा. ओल्या मातीत एका बाईनं ती नखं रोवली, मला भाजलं आणि जाळ्याच्या काठाला बांधलं. वैनगंगेचा तळ मी तेव्हा पाहिला. मग एका पुरात काठ ढासळला आणि मी गाळाखाली गाडला गेलो. किती पिढ्या, ठाऊक नाही. वरून नांगर फिरे. मला हाक मारता येत नसे.

सरितानं मला बाहेर काढलं. ती लाखनीची, पुरातत्त्व शिकलेली. धरणाचं पाणी चढत होतं, गाव उठायचं होतं, त्याआधी खोदाई संपवायची होती. माझ्यासारखे बरेच गोळे एकाच खड्ड्यात निघाले. कुणावर एक नख, कुणावर दोन. सूत कातायच्या चातीचे असतील, असं सगळ्यांना वाटलं आणि आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत गेलो. गाळात निदान ओल होती.

सरिता राहायची बायजाबाईकडे. ढिवराघरची मासेमार बाई, नवरा गेल्यावरही तिनं जाळं सोडलं नव्हतं. एका संध्याकाळी सरिता ओसरीवर माझं चित्र काढत होती, बायजाबाई जाळं सांधता सांधता गुणगुणत होती:

"एक नख सासूचं, दोन नखं जावेचे,
तीन नखं माहे व, वाटे सारखे..."

सरिताची पेन्सिल थांबली. "मावशी, हे नखांचं काय व्हय?"

"पयले मातीचे गोळे राहेत जाळ्याले. सासूचं घर न्यारं, जावेचं न्यारं; ज्या घरचा गोळा, त्यावर त्या घरची तेवढी नखं. जाळं साऱ्यायचं एक, मासोळ्यायचा वाटा बरोबरीचा. आता लोखंड लावतो. गाणं तेवढं राह्यलं."

सरितानं मला बायजाबाईच्या तळहातावर ठेवलं. तिनं खुणेत आपलं नख टेकवलं. किती काळानं त्या खुणेत माणसाचं नख!

"म्हणजे हाही जाळ्याचाच, मावशी!"

"पण आमच्यासारखंच असंन, असं काहून धरतेस? लय जुनं हाये हे."

"म्हणून तं तपासून पाहू, मावशी."

सरितानं भिंगाखाली धरलं तेव्हा माझ्या भोकाच्या कडेला दोरीनं घासलेली खाच दिसली. खड्ड्यातली माती चाळली, तर माशांचे काटे निघाले. एकाच खड्ड्यात वेगवेगळ्या नखांचे गोळे होते, म्हणून ते जाळं कुण्या एका मालकाचं नसावं, काही घरांनी मिळून टाकलेलं असावं, असं तिनं मांडलं.

गाव उठायच्या आदल्या दिवशी बायजाबाई म्हणाली, "याले एकडाव पाण्यात सोडू दे न."

"नाही जमत, मावशी. याची नोंद झाली, आता नागपूरले जमा करा लागते." सरितानं मला डब्यात ठेवलं.

बायजाबाई उठून नदीवर गेली. तिनं काठची माती मळली, गोळे वळले, नखं रोवली. दोघींनी ते चुलीत भाजले, जाळ्याला बांधले. जाळं पाण्यात पडलं त्याचा आवाज मी बंद डब्यातून ऐकला.

आता मी नागपुरात संग्रहालयाच्या लोखंडी कपाटात असतो. मधूनमधून सरिता येते, डबा उघडते, गावची खबर सांगते. बायजाबाईला नदीपासून दूर प्लॉट मिळाला आहे. तिथं जाळं नाही, आणि हातात जाळं नसलं की तिला गाण्याचे शब्द आठवत नाहीत.

मला पाहायला येणाऱ्यांनो, मी थांबेन. मला सवय आहे. आधी बायजाबाईकडे जा. जाताना हातात जाळं घेऊन जा.