वेदीमागची परात

मी परात बोलतेय. पत्र्याची नव्हे हं, पितळेची, चांगली जड. जयमालाच्या लग्नात तिच्या मामानं दिलेली.

राहुरीजवळच्या एका खेड्यात, चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत तिनं संसार मांडला. नवरा लुकस मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पहाटे चर्चची घंटा वाजवायची, सायकलवरून वाड्यावस्त्यांवर जाऊन प्रार्थना शिकवायची, कुणी आजारी पडलं की फादरच्या आधी तिथं पोचायचं, ही त्यांची मास्तरकी. चव्वेचाळीस वर्षं दोघा नवराबायकोंनी चर्चची चाकरी केली.

रोज सकाळी जयमाला माझ्यात बाजरीचं पीठ मळायची, भाकरी थापायची. तेवढा वेळ ती माझी असायची. एवढ्यावर समाधान मानावं की नाही? नाही मानलं.

कारण घरात माझी एक सवत होती. तांब्याचं छोटं घंगाळ. दर शनिवारी वेदीवरची पांढरी फडकी त्यात भिजायची. त्या फडक्यांना ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे वेदीवर देवाचं शरीर मानून वाटतात त्या भाकरीचा, कण लागलेला असतो, म्हणून पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही. आवारातल्या पेरूच्या झाडाच्या बुडाशी, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ओतायचं. धुताना जयमालाचे फक्त ओठ हलायचे. पाणी ओतायला मास्तर स्वतः जायचे, चपला काढून. आणि मला? मला खरकट्या भांड्यांत टाकून राखेनं घासायची! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मनात म्हणायचे, फुटो मेलं ते घंगाळ एकदाचं.

फुटलं. तीन वर्षांमागं, ईस्टरच्या आदल्या दिवशी त्याचं बूड गळायला लागलं. चर्चमध्ये ही गडबड, आणि फडकी धुवायची राहिलेली. जयमालानं मला उचललं, लख्ख घासलं आणि माझ्यात फडकी भिजवली. काय सांगू माझा तोरा! मास्तर मला दोन्ही हातांनी धरून पेरूपर्यंत गेले.

संध्याकाळी ती पिठाचा डबा घेऊन बसली, तर मास्तरांनी मला बाजूला ओढलं.

"आता हिच्यात भाकरी न्हाई थापायची."

"आवं, धुऊन घेतलीय की."

"देवाला लागलेलं भांडं परत चुलीपाशी आणायचं व्हय?"

तिनं डबा परत फळीवर ठेवला.

फादरना कळलं तेव्हा ते हसले. "मास्तर, तसं काही नसतं हो. खुशाल वापरा." पण मास्तर ऐकतील ते कसले! फुटकं घंगाळ मोडीत घालवेना, म्हणून ते पेरूखाली पुरलं. मला वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं, खाली पांढरा रुमाल घालून.

झालं, मिळाला मान. आठवड्यातून एकदा, पाव तास. बाकी वेळ काळोख. आणि रोज सकाळी मास्तरांच्या घरातून आवाज यायचा, थप थप, थप थप. नवी स्टीलची परात आणली होती, बोट लावलं की हलणारी. तिच्यावर माझ्या जयमालाचा हात! घंगाळावर जळले त्याच्या दसपट जळले मी.

गेल्या नाताळात जयमालाला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून तिचा उजवा हात नीट चालत नाही. आता फडकी मास्तर धुतात. ती शेजारी खुर्चीवर बसून सांगते. परवा धुणं आटोपल्यावर तिनं डावा हात माझ्यात पालथा ठेवला. कितीतरी वेळ ठेवला.

"ती स्टीलची सरकती वो. एका हातानं भाकरी थापाया येत न्हाई," ती म्हणाली. "ही जड हाय. हिच्यात जमलं असतं."

मास्तरांनी फडकं पिळायचं थांबवलं. "माझंच चुकलं तवा. न्यायची का घरी? फादर तर व्हय म्हनले हुते."

माझा सगळा जीव कानांत गोळा झाला.

"नगं," ती म्हणाली. "दिली ती दिली."

मास्तरांनी मला पुसलं आणि कपाट लावलं.

देवा, रागावू नकोस. आधी घंगाळाचा हेवा केला, मग स्टीलचा केला, आता तुझाच करतेय. तुझ्याकडं सोन्याचा मुलामा दिलेला प्याला आहे, तबकं आहेत. तिच्याकडं एक मीच होते. एकदा तिला सांग, "जा बाई, ने घरी." माझं बोलणं तिला ऐकू येत नाही. तुझा शब्द मात्र तिनं कधी मोडलेला नाही.