चेंडूला पाय

रावसाहेबांना त्या सकाळी एका जागी बसवत नव्हतं. तसे ते एरवीही स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हतेच. कराडच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला तोही येरझारा घालतच. पण परदेशातल्या फ्लॅट बुश उपनगरातलं लेकाचं घर ऐसपैस असूनही आज त्यांना पुरेना. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, तिथून गॅरेजच्या दारापर्यंत, आणि परत. ओट्याशी डबे भरणाऱ्या सुनेच्या ते पुन्हा आडवे आले तेव्हा मेधा म्हणाली, "बाबा, बसा ना जरा. पोहे गार झाले."

"उत्तरानं खाल्ले?"

"नाही."

"मग माझ्या घशाखाली कसे उतरतील?"

देशभरातल्या शाळांच्या रग्बी लीग स्पर्धेत त्यांच्या नातीची शाळा उपांत्य फेरीत पोचली होती. सामना आज दुपारी होता. आणि काल संध्याकाळी कोच लोसाबाईंचा मेधाला फोन आला होता की उत्तरा आज सुरुवातीला खेळणार नाही, बाकावर बसेल. कारण विचारल्यावर बाईंनी कारणही सांगितलं होतं, आणि ते ऐकल्यापासून रावसाहेबांच्या जिवाला थारा नव्हता. कारण ते स्वतःच होते.

या खेळात चेंडू घेऊन पळणारीला समोरच्यांनी पाडलं, की तिनं उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायानं मागे सारायचा. मागची जोडीदारीण तो उचलते नि खेळ पुढे सरकतो. तेवढ्या वेळात समोरच्या मुली मागे हटून पुन्हा रांग धरतात. चेंडू झटकन मागे गेला तर रांग विस्कळीत सापडते. क्षणभर रेंगाळला तर समोर भिंत उभी.

आणि उत्तरा चेंडूला पाय लावायच्या आधी त्याला नमस्कार करत होती.

बोटं चेंडूला, बोटं छातीला, मग पाय. ही सवय तिला रावसाहेबांनीच लावलेली. ती लहान असताना ते महिनोन्‌महिने इथे येऊन राहत. पुस्तकाला पाय लागला, कर नमस्कार. ताटाला लागला, कर नमस्कार. कुणाच्या पायाला पाय लागला, कर नमस्कार. पोरीला मराठी सगळं समजे, उत्तर मात्र इंग्रजीतून येई. पण तिचा हात अस्सल मराठी होता, आणि त्याचा आजोबांना कोण अभिमान!

रावसाहेब एवढ्यावर थांबले असते तरी भागलं असतं. सरावात तिचा हात अधूनमधूनच जायचा. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मात्र त्यांनी रेषेबाहेरून तो नमस्कार नेमका टिपला आणि घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला: 'परदेशात वाढली, पण संस्कार विसरली नाही!' मग काय, कराडपासून डोंबिवलीपर्यंत जोडलेल्या हातांचा पूर आला. शकुआत्यानं स्टेटसला ठेवला. रात्री जेवताना रावसाहेबांनी एकेक कौतुक मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि उत्तरा लाजून पोळी कुरतडत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिचा हात दर चेंडूला जाऊ लागला. त्या दिवशीचा सामना त्यांनी जेमतेम जिंकला. उत्तराला पाडलं की समोरच्या मुली आरामात रांग लावून उभ्या राहत होत्या.

लोसाबाईंना दोष तरी कसा द्यायचा? त्यांचीही एक बाजू होती, आणि ती रावसाहेबांनीच उकरून काढली होती. मास्तरांची खोड, मैदानावर पाऊल ठेवल्यापासून भेटेल त्याला विचारत होते, ही स्पर्धा कधी सुरू झाली, पहिल्या वर्षी कोण जिंकलं? सगळा इतिहास कुणालाच येत नव्हता. एकाला आपली शाळा जिंकली ते वर्ष आठवे, दुसऱ्याला नुसता चिखल. वडीलधाऱ्यांना पापा म्हणणाऱ्या लोसाबाई मात्र म्हणाल्या होत्या, "पापा, माझे तिन्ही भाऊ ही स्पर्धा खेळले. मी त्यांच्यापेक्षा जोरात पळायचे. पण तेव्हा आमच्या याच शाळेतून मुलींना यायला संघच नव्हता. मी रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या धरून उभी. मुलींचा संघ झाला तेव्हा मी शिक्षिका झाले होते." त्या शाळेच्या मुली आज पहिल्यांदा उपांत्य फेरीत होत्या. आणि आड काय येत होतं, तर कराडच्या एका म्हाताऱ्याची शिकवण.

रावसाहेब गॅरेजचं दार उघडून मागच्या अंगणात गेले. उत्तरा कुंपणाला टेकून बसली होती, चेंडू मांडीवर.

"बाकावर बसवलं म्हणून रुसलीस?"

"आय'म नॉट रुसलेली."

"मग नमस्कार सोडून दे की. मी सांगतो."

तिनं मान वर केली, आणि तिचे डोळे भरलेले पाहून रावसाहेबांना गलबलून आलं. "आजोबा, यू सेंट इट टू एव्हरीवन! शकुआत्या कॉल्ड मी. शी वॉज क्रायिंग, लाइक, हॅपी क्रायिंग. आता मी नाही केलं तर? दे'ल थिंक मी विसरले. यू'ल थिंक."

एवढी दोन वाक्यं ती मराठीत बोलली, तीही नेमकी हीच. समजावून सांगण्यासारखं रावसाहेबांकडे खूप होतं, पण समजावण्यानंच तर सगळा घोटाळा झाला होता.

त्यांनी तिच्या मांडीवरचा चेंडू घेतला. गवतावर ठेवला. चप्पल काढली, धोतराचा सोगा आवरला आणि पाय उचलून चेंडूवर ठेवला. आयुष्यात असं त्यांनी केलं नव्हतं. पाय टेकताक्षणी त्यांचा उजवा हात आपोआप खाली निघाला. त्यांनी तो डाव्या हातानं पाठीमागे गच्च धरला आणि चेंडू मागे सारला.

उत्तरा बघतच राहिली.

"आण परत," ते म्हणाले. दुसऱ्यांदाही हात निघाला. त्यांनी पुन्हा धरला. तिसऱ्यांदा तोल जाऊन ते पडता पडता वाचले, आणि उत्तराला हसू फुटलं.

"युअर हँड इज वर्स दॅन माइन!"

"जुना आहे तो. आता तू कर. हात मागे बांध."

मग आजोबा नि नात अंगणात तेच करत राहिले. जरा हात हलला की रावसाहेब ओरडत, "पुन्हा!" शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावून गेलं. मेधा दाराशी येऊन उभी राहिली आणि पोहे पुन्हा गरम करायला आत वळली. या वेळी दोघांनीही खाल्ले.

मैदानावर पोचताच रावसाहेब तडक लोसाबाईंकडे गेले. जमेल तशा इंग्रजीत म्हणाले, "चूक माझी आहे. तिला एक संधी द्या."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "पापा, आमच्या सामोआत मोठ्यांच्या समोरून जाताना वाकायचं असतं. शाळा संपल्यावर मी पहिल्यांदा मोठ्या सामन्यात खेळले तेव्हा रेफ्रीसमोरून वाकून पळत होते. सगळं मैदान हसलं." त्या स्वतःही हसल्या. "बघते. शब्द देत नाही."

पहिला अर्धा खेळ उत्तरा बाकावर आणि रावसाहेब रेषेला लागून येरझारा. समोरच्या, ख्राइस्टचर्चच्या शाळेच्या मुली गुणांत पुढे होत्या. दुसऱ्या अर्ध्याला थोडा वेळ झाला असेल, लोसाबाईंनी उत्तराच्या पाठीवर थाप मारली.

पहिलाच चेंडू तिच्याकडे आला. तिघींनी तिला आडवं केलं. ती उठली, चेंडू खाली ठेवला. रावसाहेबांनी स्वतःचाच उजवा हात डाव्यानं धरला. उत्तराची बोटं किंचित हलली, मिटली, आणि पाय गेला. चेंडू झटकन मागे! समोरच्या मुली अजून मागे सरकतच होत्या. जोडीदारिणीनं चेंडू उचलला, ती फटीतून घुसली आणि थेट शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून तिनं गुण मिळवले. मेधा किंचाळली. रावसाहेबही किंचाळले, कुठल्या भाषेत ते त्यांनाही कळलं नाही. त्यानंतर उत्तराचा पाय थबकला म्हणून नाही. शिट्टी वाजली तेव्हा त्यांची शाळा अंतिम फेरीत होती, आणि लोसाबाई गुडघ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडत होत्या.

उत्तरा धावत आली, चिखलानं माखलेली, आणि आजोबांच्या अंगावर झेपावली. तिचा खिळ्यांचा बूट कचकन त्यांच्या चपलेवर, उघड्या अंगठ्यावर पडला.

"ओह, सॉरी आजोबा! डिड यू सी? डिड यू सी मी?"

"बघितलं. सगळं बघितलं."

रावसाहेब वाट बघत होते. आता तिचा हात खाली येईल, बोटं त्यांच्या पायाला लागतील, मग छातीला. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. उत्तरानं त्यांच्या गालाचा मुका घेतला, "लव्ह यू!" म्हणाली आणि मैत्रिणींकडे पळाली.

सकाळी घोटवलेला धडा पोरीनं पक्का केला होता. मास्तरांना आनंद झाला, खराच झाला. त्याच्या मागोमाग असं काही दाटून आलं की त्यांना तोंड फिरवावं लागलं.

"बाबा, अंगठ्याला लागलं का फार?" मेधानं विचारलं.

"नाही गं."

ते सावकाश वाकले. चपलेवरच्या चिखलाला बोटं लावली आणि ती स्वतःच्या छातीला नेली. कुणीतरी करायला हवा होता तो नमस्कार.