घरबसल्या सर्वेक्षण

परभणीत मुलींच्या एका भाड्याच्या खोलीत जानेवारीतल्या दुपारी सतरंजीवर कागदांचा ढीग पसरला होता. त्याच्या दोन बाजूंना धम्मशीला आणि शिवकन्या बसल्या होत्या. दोघीही अर्थशास्त्राच्या एम. ए.च्या शेवटच्या सत्रात होत्या आणि बँकिंग व वित्त हा त्यांचा विशेष विषय होता. परीक्षेबरोबर प्रत्येकीला एक प्रकल्प द्यायचा होता. धम्मशीलाचा विषय होता ‘पालम तालुक्यातील ग्रामीण महिला आणि बँक व्यवहार’. गावात जायचं, शंभर बायकांना वीस प्रश्न विचारायचे, उत्तरं फॉर्मवर लिहायची आणि खाली सही किंवा अंगठा घ्यायचा, असा नियम होता.

गावात जाणार मात्र कोणीच नव्हतं. मागच्या वर्षीच्या मुली गेल्या नव्हत्या, त्याआधीच्याही नाही. प्रकल्पाचे मार्गदर्शक योगीराज सर वर्गात म्हणाले होते, “फॉर्म नीट भरलेले दिसले पाहिजेत. समाधानी लोक ऐंशी टक्क्यांच्या वर ठेवा, निष्कर्ष छान निघतो.” कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तर बांधून तयार प्रकल्पच मिळायचे. फक्त पहिलं पान बदलायचं.

धम्मशीलाने तसा प्रकल्प विकत घेतला नाही, याचंच तिला समाधान होतं. तिने स्वतःच्या गावची मतदार यादी मोबाईलवर काढली आणि तिच्यातली शंभर बायकांची नावं उतरवली. उत्तरं दोघींनी मिळून भरली. काही निळ्या पेनाने, काही काळ्या, काही डाव्या हाताने. ‘खात्याचा व्यवहार करताना अडचण येते का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ असं लिहीत गेल्या. मध्येच चारदोन ठिकाणी ‘कधी कधी’ लिहिलं, म्हणजे खरं वाटावं.

मग अंगठ्यांची वेळ आली. खेड्यातल्या बायका म्हणून तिने सत्तर जणींचे अंगठे ठरवले होते. शाईच्या पॅडवर दोघींनी सगळी बोटं आलटूनपालटून टेकवली, तरी ठसे सारखेच दिसायला लागले.

शिवकन्या म्हणाली, “पायाचे कामून नको? सरला काय कळायलंय.”

धम्मशीलाने पायाचा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. दोघी पोट धरून हसल्या. असे बारा-तेरा फॉर्म त्यांनी पायाने पुरे केले.

प्रकल्पाला शंभरपैकी ब्याण्णव गुण मिळाले. फेब्रुवारीत कॉलेजात एक कार्यशाळा झाली. तालुक्यांतल्या बँकशाखांचे अधिकारी आले होते. योगीराज सरांनी निवडक प्रकल्पांचे सारांश फॉर्मांच्या प्रतींसह त्यांच्या हाती दिले. धम्मशीलाला मंचावर बोलावून प्रमाणपत्र दिलं. टाळ्या पडल्या. तिने तो फोटो गावी वडिलांना पाठवला.

मार्च लागला तशी ती चार दिवसांसाठी गावी निघाली. पालमच्या बसस्थानकावर गावाकडची बस लागली होती. ती चढली, तर खिडकीशी कुसुमबाई बसलेल्या दिसल्या. कुसुमबाई म्हणजे तिची सख्खी आत्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. दुसऱ्यांच्या रानात खुरपणी आणि कापसाची वेचणी करून, आणि सरकारकडून मिळणाऱ्या निराधारांच्या पगारावर ती राहत होती.

“आत्या, तू इकडं कुठं?” शेजारी बसत तिने विचारलं.

“बँकेत गेल्ते माय. तिसरा हेलपाटा हाय ह्यो.” आत्याने दोन्ही हात पुढे केले. बोटांची पेरं गुळगुळीत झाली होती, वर बारीक बारीक चिरा. “मशीनवर अंगठा उठत न्हाई. खुरपून खुरपून रेघाच गेल्यात. साहेब मनते, अंगठा उठल्याबिगर पगार निघत न्हाई. बीपीच्या गोळ्या सरून आठ दिस झाले.”

“पण डोळ्याची नोंद करतात ना आता? तिच्यावर निघतो.”

“तेच तर. ते मशीन शाखेत न्हाई, दर मंगळवारी बँकेचा माणूस ते घेऊन गावात येणार होता. डोळ्यावर पगार द्यायला. पण आपलं गाव यादीतून काढलं मनं.”

“का?”

“आता काय सांगू बाई. साहेबानं कागदाचा गठ्ठाच दाखवला. मनले, तुमच्याच गावच्या शंभर बायांनी लिहून दिलंय, आमाला काई अडचण न्हाई. कॉलेजवाल्यांनी येऊन इचारून नेलंय. खाली अंगठे हायेत. म्या मनलं साहेब, आमच्या दारात तर कुत्रंबी आलं न्हाई इचारायला. तर मनले, खोटं बोलू नका मावशी, तुमचंबी नाव हाय यात.”

बस सुरू झाली होती. आत्या तिच्याकडे वळून म्हणाली, “तू बँकेचंच शिकायलीस ना? जरा बघ बरं, कोण हाय त्यो भाड्या, ज्यानं आमच्या नावानं अंगठे उठवले.”

धम्मशीलाला स्वतःच्या पायाकडे बघवेना. गाव येईपर्यंत ती पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसली आणि उतरताच रस्त्याच्या कडेला जाऊन ओकली. आत्या तिची पाठ चोळत राहिली, “बस लागली का गं माय?” म्हणत. तो हात पाठीवरून फिरत होता तेव्हा तिला आणखीच किळस आली, आत्याची नव्हे, स्वतःची.

धम्मशीलाचे वडील सूर्यभान शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होते. त्यांनी दोन जनगणना आणि कितीतरी निवडणुकांची कामं केली होती. संध्याकाळी ते शाळेतून आले, तेव्हा लेकीने त्यांच्यासमोर प्रकल्पाची प्रत ठेवली आणि सगळं सांगितलं. कुसुमबाईंच्या नावाचा फॉर्मही उघडून दाखवला.

सूर्यभानांनी ठशाशेजारी स्वतःचा अंगठा धरून पाहिला.

“हा अंगठा कोणाचा?”

“माझा.”

“एवढा मोठा? हाताचा?”

धम्मशीलाने मान खाली घातली. “पायाचा.”

सूर्यभानांनी कागद असा खाली ठेवला, जणू त्यावर काही सांडलं होतं. उठून ते मोरीत गेले, हात धुतले आणि परत येऊन बसले.

“बाबा, सगळेच तसं करतात. सरच म्हणाले होते.”

“सगळे करतेत म्हणून घाण काय अत्तर व्हती का?” ते आवाज न चढवता बोलत होते, पण चेहरा कडवट झाला होता. “जनगणनेला मी एकेका पालावर चार चार चकरा मारल्या. ऊस तोडायला गेलेल्या माणसांची वाट बघितली. सोबतचे मास्तर हसायचे. मनायचे, शाळेत बसून भर की, कोण बघायलंय. मी मनलं, माणूस हाय का न्हाई हे मी घरी बसून कसं ठरवू?”

त्यांनी प्रकल्पाची प्रत मिटली. “शीला, आपल्या माणसांना काय पाहिजे हे हजारो वर्षं दुसऱ्यांनीच ठरवलं. यांना पाणी नको, यांना अक्षर नको, हे असेच सुखी हायेत. आपल्याला कोणी इचारलंच न्हाई. तू शिकलीस ती यासाठी, की इचारणारं एक तरी माणूस आपल्यातून निघावं. आन् तू काय केलंस? तूबी त्यांच्या तोंडात तुझाच शब्द कोंबलास. आन् तोबी पायानं.”

धम्मशीलाला रडू आलं. सूर्यभानांनी तिला गप्प केलं नाही.

“रडून आत्याच्या गोळ्या येणार न्हाईत,” ते म्हणाले. “मला तिनं सांगितलंच न्हाई, त्या मी उद्या आणतो. बाकीचं तू बघायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी आत्याकडे गेली आणि उंबऱ्यातच उभी राहून खरं सांगून टाकलं. कुसुमबाई भाकरी थापत होत्या. हात थांबले.

“पाय लावलास माझ्या नावाला?”

“हो आत्या.”

त्यांनी पुन्हा भाकरी थापायला घेतली. भाचीला बस म्हणाल्या नाहीत, पाणी विचारलं नाही. धम्मशीला तशीच मागे फिरली.

त्यानंतर नऊ दिवस ती दारोदार फिरली. चार दिवसांची सुट्टी कधीच संपली होती. कोरे फॉर्म घेऊन ती वस्तीत गेली, गावठाणात गेली, रानात गेली. प्रत्येकीला आधी सांगितलं की, मागच्या खेपेला तुमच्या नावाने मी खोटं लिहिलं होतं. काहींनी दार लावून घेतलं, त्यांच्याकडे ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. एक म्हातारी तोंडावर थुंकल्यासारखं करून म्हणाली, “शिकलेले हायेत मनं.” यादीतल्या तीन बायका तर दोन वर्षांपूर्वीच वारल्या होत्या, त्यांनाही तिने समाधानी ठरवलं होतं. सत्त्याण्णवपैकी एकसष्ट जणींना अडचण होती. कोणाचा अंगठा उठत नव्हता, कोणाचं पासबुक नवरा दडवून ठेवत होता, कोणाच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. आणि सत्तरऐवजी फक्त अठरा जणींनी अंगठा दिला. बाकीच्यांनी बचत गटात शिकलेली सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून.

शेवटच्या दिवशी कुसुमबाईंनी तिला स्वतःहून हाक मारली. “माझं राहिलं की,” त्या म्हणाल्या. वीसही प्रश्नांना त्यांनी तासभर उत्तरं दिली. चहा मात्र विचारला नाही.

परभणीला परतल्यावर धम्मशीलाने सरांपुढे दोन्ही गठ्ठे ठेवले, सोबत एक अर्ज. माझा आधीचा प्रकल्प खोटा आहे, तो रद्द करावा.

योगीराज सरांचा चेहरा उतरला. “वेडी आहेस का? बावन्न जणांचे प्रकल्प आहेत. तू हा कागद दिलास की सगळेच उघडे पडतात. मी तासिका तत्त्वावर आहे, तीन कॉलेजं करतो. मला कोण ठेवेल?”

“सर, तुमची अडचण मला समजते. पण माझ्या आत्याच्या गोळ्या त्या आकड्यांनी बंद झाल्या.”

“अगं, आकडे वाचतं कोण?”

“बँकेनं वाचले, सर.”

सरांनी अर्ज हातात घेतला नाही. धम्मशीलाने तो विभागप्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि दुसरी प्रत खऱ्या फॉर्मांसकट पालमच्या शाखेत दिली.

पुढे जे झालं ते सोपं नव्हतं. तिचे गुण रद्द झाले, निकाल सहा महिने अडकला, पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेला त्या वर्षी बसता आलं नाही. आणखी एकोणतीस जणांना प्रकल्प पुन्हा करावे लागले. त्यांत शिवकन्याही होती. तिने बोलणं तोडलं. खोली सोडताना ती एवढंच म्हणाली, “तुला चांगलं व्हायचं होतं तर एकटीनं व्हायचं.” योगीराज सरांना पुढच्या वर्षी त्या कॉलेजात तास मिळाले नाहीत, आणि त्याचं वाईट धम्मशीलाला आजही वाटतं. कारण सरांनी सांगितलं असलं, तरी अंगठे तिने उठवले होते.

मेच्या दुसऱ्या मंगळवारी बँकेचा माणूस मशीन घेऊन गावात आला. समाजमंदिरात रांग लागली. त्या दिवशी चाळीस जणींना पैसे मिळाले, बाकीच्यांची कामं कागदपत्रांसाठी अडली आणि त्यांना पुन्हा यावं लागलं. धम्मशीला दिवसभर टेबलाशी बसून फॉर्म वाचून दाखवत होती. दुपारी कुसुमबाई तिच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “जेवलीस का? चल घरी.”

वाचकहो, झेरॉक्सच्या दुकानात बांधलेले प्रकल्प आजही मिळतात. घरी बसून भरलेले फॉर्म आजही जमा होतात आणि त्यांवर प्रमाणपत्रंही मिळतात. आपल्या घरातलं शिकणारं लेकरू असा ढीग मांडून बसलेलं दिसलं, तर कौतुकाने चहा नेऊन देऊ नका. त्याला विचारा, या माणसाला तू भेटलास का? अर्थशास्त्र असो की बँकेचा कारभार, त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे कुणाचं तरी उत्तर असतं. माणसाला न विचारता त्याचं उत्तर लिहिणं ही चलाखी नाही, ती चोरी आहे. आणि ज्याचा आवाज आधीच कोणी ऐकत नाही, त्याच्या घरी केलेली चोरी सगळ्यांत नीच.