गुळगुळीत म्हसोबा

लाल ऑइलपेंट, एक लिटर, कराडच्या दुकानातला.

औंधच्या डोंगरावरची यमाई.

फौजेत दगड रंगवायची पद्धत: खाली गेरू, वर चुना, सगळे एका रेषेत.

भिजवलेले गहू, वाटीभर.

शंभूराजचा पुण्याहून मेसेज: "आबा, पडला का उजवा?"

उजवा एकटा कुठला पडतोय! रिटायर सुभेदार जोतीराम म्हसोबापुढं उकिडवा बसून घामाघूम झाला होता.

रहिमतपूरकडच्या त्या गावात म्हसोबा उसाच्या बांधावर आहे. म्हसोबा म्हणजे महिषासुर, देवीनं मारलेला. गावानं मात्र त्याला शिवार राखायला बसवलं, म्हशीचं पहिलं दूध त्याला दिलं, आणि त्याचं मन दुखायला नको म्हणून नवरात्रात एकाही घरात घट बसवला नाही. सोयरीक करायची तर कौल त्याचा. भिजलेला एक दाणा दगडाच्या उजव्या अंगाला चिकटवायचा, एक डाव्या. आधी उजवा गळला तर होकार, डावा गळला तर नकार. हा कौल लावायचा मान जोतीरामच्या घरात आजोबांपासून होता.

आज प्रश्न त्याच्याच पोराचा, शंभूराजचा होता. मुलगी शिवांजली, औंधची, कुलदैवत यमाई. आणि दाणे लावता लावता दोन्ही घसरत होते. तीनदा झालं.

"घे," गावातले जुने जाणते गुंडातात्या म्हणाले. "ज्या देवीनं त्येला मारला, तिच्याच घरची पोरगी आनतोयस. हसत हसत व्हय म्हनंल व्हय त्यो?"

"आवं, न्हाई तरी कुठं म्हनलाय?" जोतीरामची बायको अंबूबाई पदर खोचत म्हणाली. "डावा एकटा पडलाय का?"

"दोन्ही टाकलं, म्हंजी तोंडबी बघायचं न्हाई त्येला. येवढं कळंना का, सुभेदारीणबाई?"

माणसं हसली. शेजारचा सयाजी तेवढा हसला नाही.

तिसऱ्या खेपेलाच जोतीरामच्या बोटाला कळलं होतं. पावसात शेंदूर धुपतो, पापुद्रे निघतात, म्हणून दिवाळीआधी त्यानं दगड खरवडून ऑइलपेंटचे दोन हात दिले होते. सव्वीस वर्षं फौजेत दगड रंगवलेला माणूस; यात काही वावगं आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. लोकांना वाटलं, शेंदूर ताजा आहे. दगड आरशासारखा झाला होता. त्यावर माशी ठरत नव्हती, दाणा कसा ठरणार? बोलावं तर आजोबांचा मान जाणार. गप्प बसावं तर पोराचं लग्न मोडणार.

"तात्या," तो उठून म्हणाला, "दोष माजा हाय. शेंदूर न्हाई ह्यो. रंग हाय. गेटला लावत्यात त्यो."

"देवाला गेटचा रंग? जोत्या, तुला सुभेदार कुनी केला रं?"

मान तिथंच गेला, उभ्या उभ्या. अंबूबाईनं खुरपं आणलं. जोतीरामनं दगड खरवडून उघडा केला आणि बाजूला सरकला. दाणे गुंडातात्यांनी लावले. दोन्ही ठरले. बऱ्याच वेळानं, ऊन वर आल्यावर, उजवा सुकून गळला.

"व्हय म्हनतोय," गुंडातात्या नाराजीनंच म्हणाले.

अंबूबाईनं पुण्याला फोन लावला. सयाजी तोवर बांधावरून निघाला होता. जोतीरामनं हाक मारली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मार्गशीर्षात सयाजीच्या मयूरीला कोरेगावचं स्थळ आलं होतं, पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलं होतं, आणि जोतीरामनं लावलेले दाणे टिकले नाहीत म्हणून ते मोडलं होतं.